डिम्फीला कांजिण्या झाल्या होत्या का?

शुक्रवारी सकाळी कॉरीचा फोन आला तेव्हा डिम्फी फुलांच्या रथाच्या मांडवाकडे निघायच्या बेतात होती. एक हात कोटाच्या बाहीत, तोंडात पावाचा तुकडा आणि डोक्यात फक्त पांढरा रंग.

"कुठं आहेस?" कॉरीने विचारलं.

"दारात. निघालेच."

"तिथंच थांब. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नकोस. आमच्या फेनाला कांजिण्या उठल्यात."

डिम्फीने पावाचा तुकडा कसाबसा गिळला. कॉरीची चार वर्षांची नात फेना काल दुपारी तासभर तिच्या मांडीवर बसली होती. दोघींनी मिळून रथावर ठोकायच्या पांढऱ्या डेलियाच्या फुलांना खिळे टोचले होते, आणि प्रत्येक फुलाला फेनाने आधी पापा दिला होता, मग डिम्फीला.

"नक्की कांजिण्याच?"

"पोटावर नऊ, पाठीवर चौदा आणि एक बरोबर नाकाच्या शेंड्यावर. मेंढपाळालासुद्धा ओळखू येईल. डिम्फी, मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालंय..."

"तू कशाला मरतेस? मरायचं झालं तर नंबर माझा आहे," डिम्फी म्हणाली. दोघी हसल्या, पण कॉरीचं हसू लगेच विरलं.

डिम्फीला ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार, होऊन अकरा वर्षं झाली होती. हॉलंडमधल्या त्यांच्या लारहोक वस्तीत हा आजार काय असतो ते सगळ्यांना समजावून सांगायचं काम पहिल्यापासून कॉरीनेच अंगावर घेतलं होतं, आणि डॉक्टरांपेक्षा ती बरं सांगायची. "हे बघा, घरचंच कुत्रं घरच्यांना चावायला लागलंय. कधी गुडघ्याला, कधी मूत्रपिंडाला. म्हणून त्याला रोज गुंगीचं औषध घालतात." मग कुणीतरी विचारायचं, "आणि खरोखरचा चोर आला तर?" त्यावर कॉरी डोळे मोठे करून म्हणायची, "तर कुत्रं घोरत पडलेलं!"

आता चोर आला होता, आणि तोही पापे देत देत.

मुहूर्त मात्र वाईट निघाला होता. रविवारी फुलांची मिरवणूक. दर सप्टेंबरात गावाच्या चारी बाजूंच्या वस्त्या आपापल्या मांडवात घरापेक्षा उंच रथ बांधतात, आणि शेवटच्या तीन दिवसांत लहानथोर सगळे मिळून त्यावर लाखो डेलिया चढवतात. डिम्फीने तीस वर्षं फक्त फुलं निवडली होती. कोणता लाल कोणत्या लालाशेजारी चालेल हे तिच्या डोळ्याला जसं कळायचं तसं वस्तीत कुणालाच कळत नसे. या वर्षी पहिल्यांदाच तिने काढलेलं चित्र रथासाठी निवडलं गेलं होतं. एक आडदांड बाई वाऱ्यात कपडे वाळत घालतेय आणि चादरी तिच्या हातातून सुटून उडाल्यात. चौदा मीटर लांबीच्या चादरी, नुसत्या पांढऱ्या फुलांच्या. तिचा नवरा श्याक वेल्डिंगचं काम करायचा. चादरींचे लोखंडी सांगाडे त्यानेच वाकवले होते आणि सगळा उन्हाळा बायकोला शिव्या घातल्या होत्या. "साधं कोंबडं काढायला काय झालं होतं तुला? कोंबड्याला सरळ पाय असतात."

डिम्फीने कोट काढला आणि इस्पितळात विलेमाइनला फोन लावला. विलेमाइन ही तिथली ल्युपसची नर्स. अकरा वर्षांच्या फोनाफोनीत दोघींची मैत्रीच झाली होती.

"मी आजपासून त्या गुंगीच्या गोळ्या बंद करते," डिम्फीने सुरुवातच तिथून केली. "म्हणजे अंगात थोडी ताकद येईल."

"खबरदार!" विलेमाइन म्हणाली. "एक गोळी जरी स्वतःच्या मनाने बंद केलीस तर मी गाडी काढून तिथं येईन. प्रेडनिसोनचं स्टेरॉइड तर अजिबात नाही. ते अचानक सोडलं की शरीर कोलमडतं, हे तुला मी किती वेळा सांगितलंय? कमीजास्त काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. आता मी विचारते त्याची उत्तरं दे. पोरगी किती वेळ जवळ होती?"

"तासभर. मांडीवर. पापे धरून."

"म्हणजे लागण व्हायला भरपूर. आता मुख्य प्रश्न. तुला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?"

"झाल्या असणार. फोटो आहे."

"कांजिण्यांचा फोटो?"

"आईच्या घरातल्या बोळात, संडासाच्या दाराशेजारी टांगलाय. आम्ही आठही भावंडं एका पलंगावर, तोंडाला पांढरं औषध फासून."

विलेमाइनला हसू आवरेना. मग तिने समजावलं ते असं : एकदा कांजिण्या होऊन गेल्या असतील तर रक्तात त्यांच्याशी लढणारी प्रतिपिंडं असतात, आणि मग फार घाबरायचं कारण नाही. नसतील, तर ल्युपसच्या पेशंटला हाच पोरखेळाचा आजार फुप्फुसापर्यंत पोचू शकतो. त्यासाठी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं, पण ते लागण झाल्यापासून चार दिवसांच्या आत दिलेलं बरं. "आज रक्त देऊन ठेव. पण आज शुक्रवार. नेहमीच्या रांगेत घातलं तर निकाल सोमवारी येईल. तातडीने करून घेता येतं, मात्र त्यासाठी मला प्रयोगशाळेशी भांडावं लागतं. तेव्हा आईला नीट विचार. तिला पक्कं आठवत असेल तर सोमवारपर्यंत थांबू."

"आणि मांडव?"

"मांडवात किती पोरं आहेत?"

"चाळीसेक."

"मग उत्तर तुलाच माहीत आहे. आज तुझ्यापासून कुणाला धोका नाही, तो आठवड्याने सुरू होईल. पण त्या पोरांपासून तुला आहे. उघड्यावर, लांब बस. आणि टोपी घाल, ऊन ल्युपसला सोसत नाही."

डॉक्टरांच्या दवाखान्यात रक्त देऊन डिम्फी तडक आईकडे गेली. रीट चौऱ्याऐंशी वर्षांची होती. चर्चच्या मागच्या वृद्धांच्या घरांत एकटी राहायची, आणि तिचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू यायचा.

"कांजिण्या?" रीटने कॉफीचा कप आपटला. "आठही जणांना झाल्या! शहात्तर सालच्या उन्हाळ्यात. काय ते ऊन होतं! विहिरी आटल्या होत्या. आधी थोरला रिनुस फुलला. तेव्हा मी म्हटलं, एकेकाचं दोन-दोन आठवडे काढत बसले तर नाताळ उजाडेल. सरळ सगळ्यांना एका पलंगावर कोंबलं. एकदाच काय ते उरकून टाकलं!"

"पण मला नक्की झाल्या होत्या ना, आई?"

"तुझा माझ्यावर विश्वास नाही होय? आठ पोरं मी वाढवली, एकही हरवलं नाही. ये इकडे." तिने काठी उचलली आणि मुलीला बोळात नेलं. भिंतीवरच्या फोटोत उशांवर आठ डोकी टेकलेली होती. पिठात बुडवून तळायला ठेवलेल्या माशांसारखी सगळी सारखीच दिसत होती. "ही तू. डावीकडून तिसरी."

डिम्फीने तो फोटो जन्मभर पाहिला होता आणि डावीकडून तिसरी आपण, हे तिला आपल्या नावाइतकंच पक्कं माहीत होतं. तरी तिने भावंडांच्या ग्रुपवर विचारलं. थोरल्या रिनुसने लिहिलं, "सगळ्यांना झाल्या. माझ्यामुळे. अजून कुणी आभार मानले नाहीत." लिआने लिहिलं, "डिम्फीला सगळ्यांत जास्त. रात्रभर भोकाड पसरायची. मी शेजारीच झोपले होते ना." बाकीच्यांनी अंगठे दाखवले.

आई, सात भावंडं आणि एक फोटो. डिम्फीने विलेमाइनला कळवलं. विलेमाइन म्हणाली, "छान. मग सोमवारी बघू."

दुपारी डिम्फी मांडवाच्या मागच्या कुरणात मोठी टोपी आणि लांब बाह्यांचा सदरा घालून खुर्चीवर बसली होती. कॉरीने सगळा कारभार हातात घेतला होता. पोरांना तिने पलीकडच्या टोकाला हाकललं. "जो कुणी हा दोर ओलांडेल त्याचे कान मी उपटीन, आणि कान उपटायचा मला अनुभव आहे!" मग ती फुलांच्या क्रेट एकेक करून डिम्फीपुढे आणायची, पाच पावलं लांब ठेवायची आणि कमरेवर हात देऊन उभी राहायची.

"हे?"

"सायीच्या रंगाचं आहे. घडीच्या आत टाका, सावलीत."

"हे?"

"हे खरं पांढरं. वरच्या चादरीला."

"मला तर दोन्ही सारखीच दिसतात."

"म्हणून तर तू क्रेट उचलतेस आणि मी खुर्चीत बसलेय."

"हात्तिच्या! आजारी माणसाने इतका तोरा दाखवू नये," कॉरी म्हणाली; पण ती खूश होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर रंग आला होता.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला श्याक सासूबाईंकडून सॉसेज भरलेले पाव घेऊन आला. पावांच्या डब्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो फोटोही होता. रीटने जावयाला बजावून पाठवला होता : 'त्या नर्सबाईला दाखवा म्हणावं, म्हणजे माझ्या शब्दावर शंका घेणार नाही.'

कॉरीने एक पाव तोंडात धरला आणि फोटो हातात घेतला. कितीतरी वर्षांत तिने तो पाहिला नव्हता. तिचं चावणं हळू झालं, मग थांबलं.

"डिम्फी," ती म्हणाली. "यातली तू कोणती?"

"डावीकडून तिसरी."

"ही?" कॉरीने काचेवर बोट टेकवलं. "हे कान बघ."

डिम्फीने कान बघितले. डाव्या बाजूच्या तिसऱ्या पोरीचे कान सुपासारखे दोन्हीकडे पसरलेले होते. मग तिने कॉरीकडे बघितलं. कॉरीचे कान वस्तीत प्रसिद्ध होते. वाऱ्याच्या दिवशी तिला सायकल चालवावी लागत नाही, असं श्याक म्हणायचा.

"ही मी आहे," कॉरी म्हणाली.

"तू आमच्या पलंगावर काय करत होतीस?"

"माझी आई सिगारच्या कारखान्यात होती ना. घरी कोण बघणार? तुझ्या आईनं म्हटलं, हिलाही इथंच टाक, सातांबरोबर आणखी एक. दोन आठवडे होते मी." कॉरीने पाव खाली ठेवला. "शेवयांचं सूप, आणि रात्री रिनुस भुतांच्या गोष्टी सांगायचा. मी एकुलती एक पोर. मला वाटलं होतं, स्वर्ग असाच असणार. परत आमच्या घरी जायची वेळ आली तेव्हा मी भोकाड पसरलं होतं."

"म्हणजे लिआच्या शेजारी भोकाड..."

"मीच."

डिम्फीने बोटांवर मोजलं. सात अधिक कॉरी म्हणजे आठ. मग ती स्वतः कुठे होती?

श्याकने गाडी काढली. रीटच्या खोलीत तिघं शिरली तेव्हा ती बटाटे सोलत होती. कॉरीने फोटो टेबलावर ठेवला आणि बाजूला आपलं डोकं धरलं, कान दिसतील असं.

"हे काय नाटक?" रीटने विचारलं. मग तिने चष्मा लावला. चाकूचं टोक एकेका डोक्यावर ठेवत ती मोजायला लागली. "रिनुस. लिआ. ही... ही..." चाकू थांबला. ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. तिसऱ्यांदा मोजताना तिचा आवाज इतका खाली आला की घड्याळ ऐकू येऊ लागलं.

"आई," डिम्फी म्हणाली, "मी लहानपणी कधी समुद्रावर गेले होते का? मला एक गाढव आठवतं. वाळूत उभं असलेलं. माझ्या टोपीतून खायचं."

रीटने चाकू खाली ठेवला. "नेट मावशी," ती म्हणाली. "झीलंडला. तू काडीसारखी होतीस, डॉक्टर म्हणाले समुद्राची हवा द्या. नेट तुला सहा आठवडे घेऊन गेली. तिच्याकडे गाढव होतं." तिने फोटो उलटा करून ठेवला, जणू त्यातली पोरं ऐकत होती. "पलंगावर आठ डोकी दिसली आणि मी म्हटलं, झालं, सगळी आहेत. जन्मभर तेच सांगत आले. तू तिथं नव्हतीसच, आणि मला कळलंही नाही. कसली आई मी!"

डिम्फीने आईला इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. तिने खुर्ची ओढून घेतली. "आई, आठ पोरं एकदम खाजवत होती. अशा वेळी नववं कुठंय हे कुणाला आठवणार?"

"नववं नाही, आठवं."

"तेच ते. शिवाय मला गाढव मिळालं. यांना नुसती खाज."

रीटने नाक शिंकरलं. "आता त्या नर्सला फोन कर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा रस्त्यापलीकडे पोचला. "आत्ता! माझ्यासमोर!"

विलेमाइन घरी पोचली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, कानांसकट. "वा, पुरावा भक्कम आहे," ती म्हणाली. "आता मी प्रयोगशाळेशी भांडते." आणि ती खरंच भांडली असावी, कारण शनिवारी सकाळी दहा वाजता तिचाच फोन आला : प्रतिपिंडं नावालासुद्धा नाहीत. हॉलंडमध्ये पन्नाशीतलं कांजिण्या न झालेलं माणूस म्हणजे पांढरा कावळा. डॉक्टरांनी इंजेक्शन मागवलंय. दुपारी इस्पितळात ये, मागच्या दाराने, आणि वाटेत कुठल्या बालवाडीत थांबू नकोस.

इंजेक्शन मांडीत होतं आणि चांगलंच दुखलं. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. इंजेक्शनने आजार टळेलच असं नाही, ते म्हणाले. पण आला तर सौम्य येण्याची शक्यता वाढते. पुढच्या शुक्रवारपासून तीन आठवडे तिने माणसांतून लांब राहायचं, कारण मग तिच्यापासून इतरांना धोका. रोज ताप मोजायचा. एक फोड जरी दिसला तरी त्याच तासाला फोन.

"आणि सांधे दुखायला लागले, ताप आला, पण फोड नाही, तर? मला तसं अधूनमधून होतंच. ल्युपस डोकं वर काढतो तेव्हा."

"तरीही फोन. ल्युपस आहे की विषाणू, हे घरी बसून ठरवायचं नाही. आम्हालाही कधीकधी रक्त तपासल्याशिवाय कळत नाही."

"उद्याची मिरवणूक?"

डॉक्टर याच ब्राबांत प्रांतातले होते. त्यांनी एकदा विलेमाइनकडे बघितलं. "मोकळ्या हवेत, गर्दीपासून लांब, पोरांपासून त्याहून लांब. कोणती वस्ती तुमची?"

"लारहोक."

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "मी पलीकडच्या वस्तीचा. पण जा."

रविवारी डिम्फीने रथ पाहिला तो पिठाच्या जुन्या गिरणीच्या गच्चीवरून. श्याकने मालकाकडून किल्ली मिळवली होती. रथ वळणावर आला तेव्हा खालचे लोक ओरडायला लागले. आत लपून ढकलणाऱ्या पन्नास माणसांनी एका तालात पावलं टाकली की चादरी खरंच फडफडत होत्या. सायीच्या रंगाची फुलं घड्यांच्या आत सावलीसारखी बसली होती, आणि वरची खरी पांढरी उन्हात झगझगत होती. रथापुढे कॉरी उलटी चालत होती, हातवारे करत, कुणाला तरी रागावत. डिम्फीने टोपी काढून हलवली आणि विलेमाइनची आठवण होऊन लगेच पुन्हा घातली.

चौथा नंबर आला. एका चादरीचा कोपरा पिवळा पडला, असं परीक्षकांनी लिहिलं होतं. रात्रीच्या पाळीने चुकीची क्रेट उचलली होती, हे पुढे कित्येक दिवस वस्तीत चघळलं गेलं. पहिला नंबर पलीकडच्या वस्तीला मिळाला. कोंबड्याला.

"सरळ पाय," श्याक फक्त एवढंच म्हणाला, आणि त्या रात्री त्याला सोफ्यावर झोपावं लागलं.

नंतरचे दिवस शांत गेले. डिम्फी घरात बसून ताप मोजत होती, कोडी सोडवत होती आणि कंटाळत होती. कॉरी रोज खिडकीबाहेर सायकल उभी करून फेनाच्या खपल्यांची बातमी द्यायची. फेना मांडीवर बसली त्यापासून सतराव्या दिवशी डिम्फी उठली तेव्हा मनगटं आणि गुडघे ठणकत होते. अंगात कणकण होती. हा आपला नेहमीचाच प्रकार, तिने स्वतःला सांगितलं. अकरा वर्षांची ओळख. दोन दिवस पडून राहिलं की जातो. फोन करून त्यांचा वेळ कशाला घ्या?

ती पुन्हा आडवी झाली. पाच मिनिटांनी उठली आणि न्हाणीघरात जाऊन पायजमा वर करून पाहिलं. डाव्या गुडघ्यामागे तीन फोड होते. लहान, पाणीदार, अगदी दवबिंदूंसारखे, आणि दिसायला खरं तर सुंदर.

"श्याक!" तिने हाक मारली. "मी पाच वर्षांची झाले!"

यावेळी तिने गोळ्यांबद्दल वाद घातला नाही. तासाभरात ती इस्पितळातल्या वेगळ्या खोलीत होती आणि शिरेतून विषाणूवरचं औषध सुरू झालं होतं. डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबणारी एक गोळी काही दिवस थांबवली. प्रेडनिसोन मात्र चालूच ठेवलं, उलट थोडं वाढवलं. छातीचा फोटो स्वच्छ आला. पहिल्या रात्री ताप एकोणचाळीसपर्यंत चढला आणि डिम्फी घाबरली. विनोद करायला कुणी नसलं की ती घाबरायची. फुप्फुसाची गोष्ट तिच्या डोक्यात फिरत राहिली. दुसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला. एकूण सव्वीस फोड झाले. फेनाला दोनशेहून जास्त झाले होते.

तिसऱ्या दिवशी दारातून काठीचा आवाज आला. आधी काठी आली, मग रीट.

"आई! तुला आत कुणी सोडलं?"

"ती तुझी विलेमाइन. तिनं विचारलं, तुम्हाला कांजिण्या झाल्या होत्या का? मी म्हटलं, बाई, अठ्ठेचाळीस साली. माझ्या कुशीवर अजून वण आहे, बघायचाय? नको म्हणाली." रीटने पिशवीतून डबा काढला. शेवयांचं सूप होतं, बारीक गोळे घातलेलं. तिने रुमाल पसरला, चमचा पुसला आणि मुलीच्या हातात न देता स्वतःच भरवायला सुरुवात केली.

"मला हात आहेत, आई."

"सलाईन लावलंय त्यांना. तोंड उघड."

डिम्फीने तोंड उघडलं. चौपन्नाव्या वर्षी भरवून घ्यायला तिला अवघड वाटलं, पण पहिल्या चार चमच्यांपुरतंच. सूप संपल्यावर रीटने कापसाला औषध लावलं आणि एकेक फोड टिपायला लागली, जीभ ओठावर दाबून, घाई न करता.  "खाजवू नकोस," रीट मधूनमधून म्हणत होती, आणि डिम्फी "नाही गं" म्हणत होती, आणि खाजवत होती.

सहाव्या दिवशी ती गोळ्यांची पाकिटं घेऊन घरी आली. थांबवलेली गोळी पंधरवड्याने पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात गुडघे कुरकुरले, पण मूत्रपिंडांनी तक्रार केली नाही. विलेमाइनने सांगितलं की हाच विषाणू पुढे कधीतरी नागीण होऊन परत येऊ शकतो. नागिणीची एक लस आहे, जिच्यात जिवंत विषाणू नसतो, ती तुला चालेल. आधी पूर्ण बरी हो, मग बघू.

नोव्हेंबरात दवाखान्यात फ्लूच्या लशीचा दिवस होता. डिम्फी दर वर्षी जायची. या वर्षी तिच्यामागे कॉरी येऊन उभी राहिली. कॉरीने जन्मात कधी लस टोचून घेतली नव्हती. सुईचं नाव काढलं तरी ती पांढरी पडायची.

"तू इथं काय करतेस?" डिम्फीने विचारलं.

"इथली डॉक्टरीण म्हणाली, आजूबाजूच्यांनी टोचून घेतलं तर आजारी माणसाला बरं. मी आजूबाजूची आहे ना?" कॉरीने डोळे घट्ट मिटून बाही वर केली होती, रांगेत अजून आठ माणसं पुढे असताना. "पुढच्या वर्षी काय काढणारेस ते सांग. लक्ष दुसरीकडे जाईल माझं."

"मासे," डिम्फी म्हणाली. "हेरिंग. हजार हेरिंग, सगळे चंदेरी."

कॉरीने एक डोळा उघडला. "चंदेरी डेलिया नसतो."

"नसतो. सायीचा, राखाडी जांभळा आणि थोडा फिका गुलाबी, असं शेजारी शेजारी लावलं तर दिसतो. मी घरी बसून करून बघितलं."

"आणि ते सगळं निवडणार कोण?"

"मी. क्रेट तू आणायच्या."

रांग एका माणसाने पुढे सरकली. कॉरीने पुन्हा डोळे मिटले आणि डिम्फीचा कोपर धरला, चांगला दुखेल इतका घट्ट.